उष्टं न झालेलं पाणी

१

साक्षीदार क्रमांक चार गेली, आणि तिच्या मयतीला जायची नीता टिपणीसला सोय नव्हती.

कोणी अडवलं नव्हतं. नियम अडवत होता, आणि तो नियम नीतानेच शब्दन् शब्द तपासून टाइप करवून घेतला होता. आता तक्रार करायची तर कोणाकडे? आरशाकडे?

त्याचं असं झालं. पनवेलजवळ, कोन गावाच्या बाजूला, मुलींचं एक आश्रयगृह होतं. तिथली एक मुलगी गच्चीवरून पडून मेली. संस्थेने लिहिलं, पाय घसरला. पेपरांत बोंबाबोंब झाली तेव्हा सरकारने चौकशी समिती नेमली. समिती म्हणजे एकटे कमलाकर उपासनी, निवृत्त जिल्हा न्यायाधीश. नीता त्यांची सचिव, विधी खात्यातून उसनी घेतलेली. पन्नाशी उलटलेली, चष्मा कपाळावर आणि जिभेला धार.

संस्थेतली माणसं संस्थेविरुद्ध बोलणार, तर त्यांचा जीव सांभाळायला हवा. म्हणून साक्षीदारांना नावं नाहीत, क्रमांक. साक्षीदाराचं नाव किंवा त्याची ओळख पटेल अशी कुठलीही गोष्ट कोणी बाहेर जाऊ दिली, तर त्याला तुरुंग. हे बंधन चौकशीचा अहवाल विधिमंडळात मांडला जाईपर्यंत, आणि असे अहवाल कधी मांडले जातात ते आपण सगळे जाणतोच. शिवाय संस्थेचा वकील हायकोर्टात टपून बसलेला. गुप्तता फुटली एवढं सिद्ध झालं, की सगळी चौकशीच रद्द करून घ्यायची, हा त्याचा डाव.

क्रमांक चार म्हणजे खतीजा मुकादम. आश्रयगृहातली रात्रपाळीची नर्स. पनवेलचीच, कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यातली. संस्थेचा संचालक सत्यजीत मोहोळकर त्या रात्री गच्चीवर होता आणि मुलगी ओरडत होती, असं सरळ सांगणारी ती एकटीच. मेच्या अखेरीस तिने साक्ष दिली. त्यानंतर आठवडाभरात उरण रस्त्यावर, गव्हाण फाट्याजवळ, कंटेनरच्या ट्रेलरने तिला स्कूटीसकट चिरडलं. ट्रेलर थांबला नाही. पोलिसांनी अपघात लिहिला.

घरातून निघताना खतीजा भाचीला म्हणाली होती, "सही राहिलीये, करून येते."

गावाने त्या सहीचा अर्थ लगेच लावला. पस्तिशीची, बिनलग्नाची बाई घरात न सांगता सही करायला जाते, म्हणजे रजिस्टर लग्नच. कोणाशी, यावर चार नावं फिरली. ती नावं कोण फिरवत होतं, देव जाणे.

नीताने मात्र बातमीत ती 'सही' वाचली आणि पेपर खाली ठेवला. कारण ही बाई दुसरी कसली सही करू शकते, ते तिला माहीत होतं. आणि जबानीवरची एकही सही राहिलेली नव्हती.

२

"आधी पाणी घ्या," कमलाकर उपासनी म्हणाले.

हे त्यांचं ब्रीद. कोर्टात असतानाही आरोपी असो की फौजदार, पाणी प्यायल्याशिवाय शपथ नाही. घरी आलेल्याला आपण पाणी विचारतो, मग न्याय मागायला आलेल्याला का नाही, असं ते म्हणत. नवीन पनवेलच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये नीताने मुकाट्याने पेला रिकामा केला.

"खात्याचा आदेश आलाय," ते म्हणाले. "नाव कसं फुटलं ते तुम्ही शोधायचं. बंद पाकिटात मला द्यायचं. कोणाला काय विचारताय, का विचारताय, यातलं काही बाहेर बोलायचं नाही."

"म्हणजे मुकं राहून चौकशी करायची."

"नीताबाई, ती बाई माझ्या भरवशावर आली होती." म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "माझ्या माणसांपैकी कोणी विकलं असेल तर मला कळू दे. बाकी मला आता काही नको."

नाव ठाऊक असलेली माणसं चार. उपासनी, नीता, स्टेनो कुमार घरत आणि ड्रायव्हर जगन. साक्षीच्या दिवशी नीता स्वतः मुंबईत हायकोर्टात होती. राहिले दोघे.

कुमार मूळचा गव्हाणचा. घर तिथेच, फाट्यापासून हाकेच्या अंतरावर. नीताने समोर बसवलं तेव्हा त्याचे डोळे आधीच लाल होते.

"मॅडम, मी गव्हाणचा आहे म्हणून तुम्ही मला पहिला बोलावलंत ना?"

"हो," नीता म्हणाली. "त्या दिवशी खोलीत काय झालं ते सांग."

"नेहमीसारखंच. त्या मागच्या दाराने आल्या, तोंडाला ओढणी बांधून, सगळ्यांना तसंच आणायचो. पडद्यामागे बसल्या. साहेबांचं नेहमीचं, आधी पाणी, मग शपथ. मग त्या बोलल्या. एकदाही थांबल्या नाहीत. प्रत्येक पानावर सही घेतली, कागद पेटीत, पेटी साहेबांच्या गाडीत." तो थांबला. "मॅडम, मी त्यांचा आवाज टाइप केलाय. झोप नाही लागत मला."

रडणारा माणूस निर्दोष असतो असं थोडंच आहे. नीताने पुढे जगनला बोलावलं. समितीची काळ्या काचांची गाडी तो चालवायचा. साक्षीदाराला घरून कधीच उचलायचं नाही, ही त्यांची पद्धत. साक्षीदाराने आपलं आपण पळस्पे फाट्याला यायचं. तिथे रहदारी एवढी की कोण कोणाच्या गाडीत बसतंय याकडे कुत्रंही बघत नाही.

"आमी नाव कोनाला सांगितला नाय," जगन म्हणाला. "बायकोला पन नाय. तुमी माझ्या फोनचं बिल काढा, काय बी काढा."

"काढलंय," नीता म्हणाली.

बिल स्वच्छ होतं. खतीजाला शेवटचा फोन आला तो भलत्याच माणसाच्या नावावर घेतलेल्या सिमवरून, आणि ते सिम त्या दिवसानंतर बंद. म्हणजे त्या बाजूने वाट खुंटली. उरलं खतीजाचं घर, आणि तिथे नीताला पाऊल टाकायची बंदी होती.

३

नीता तरीही गेली. 'सरकारकडून अपघाताची माहिती घ्यायला आलेय' एवढं बोलली. त्यात खोटं काही नव्हतं आणि खरंही फारसं नव्हतं.

यासीन मुकादम, खतीजाचे वडील. बाजारात छत्र्या आणि ट्रंकांचं दुकान. मुलगा अमजद कतारला, सूनही तिकडेच. अमजदची मुलगी माहनूर मात्र इथे, आत्याजवळ वाढलेली. नुकतीच दहावी झालेली, अंगाने काडी, डोळे सुजलेले.

"बसा, मॅडम," यासीन म्हणाले. "रोजा आहे, त्यामुळे आम्ही तुमच्याबरोबर चहा घेणार नाही. तुमच्यासाठी करू?"

नीता नको म्हणाली. त्या वर्षी रमजान आणि अधिक महिना एकदमच आले होते. अर्ध्या गावाचा रोजा, अर्ध्या गावाचा उपास, आणि वर मे-जूनचं ऊन.

"मला एकच सांगा," म्हातारा म्हणाला. "तुम्ही सरकारातल्या. रजिस्टर ऑफिसात बघता येतं ना, तिच्या नावाची नोटीस लागली होती का? मशिदीत माणसं माझ्याशी बोलतात, पण नजर देत नाहीत. मी बाप आहे. ती लग्न करणार होती तर मी तोंड फिरवलं असतं का? मला न सांगता का गेली?"

नीताने मान खाली घातली.

"आणि हिचं बघा," त्यांनी माहनूरकडे बोट केलं. "अकरावी सायन्स करायचंय. आत्यासारखं नर्स व्हायचंय. अमजदचा फोन आलाय, बस झालं म्हणतो. एक शिकली ती सही करायला गेली. दुसरीला आम्ही घरात ठेवू."

"दादा, फुफी लग्नाला गेली नव्हती," माहनूर म्हणाली. तिचा आवाज थंड होता. हे ती शंभरदा बोलून दमली असावी.

"मग कशाला गेली?" आजोबांनी विचारलं.

त्याचं उत्तर पोरीकडे नव्हतं. नीताकडे होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

निघताना माहनूर चपलांपर्यंत आली. नीताने हळूच विचारलं, "सहीला म्हणून ती पहिल्यांदाच गेली होती का?"

"सहीला पहिल्यांदा. पण त्याच्या आधी एकदा दुपारभर कुठेतरी गेली होती. कुठे ते तेव्हा नाही सांगितलं. सहीला निघाली त्या दिवशी मला म्हणाली, या वेळी गव्हाणला बोलावलंय, मागच्या वेळी पळस्पे होतं, हे लोक पण ना, दर वेळी नवीन जागा."

नीता जिन्यात थबकली.

४

रिक्षात बसल्यावर तिने डोकं शांत ठेवून विचार केला.

फोन करणाऱ्याला खतीजाचं नाव ठाऊक होतं. ती साक्षीदार आहे हेही ठाऊक होतं, नाहीतर सहीची थाप त्याला सुचली नसती. पण समिती माणसं पळस्प्याहून उचलते, हे त्याला ठाऊक नव्हतं. कुमारने किंवा जगनने नाव विकलं असतं, तर तीही गोष्ट त्याबरोबर गेली असती. खतीजाला शंका येऊ नये म्हणून त्याने पळस्पेच सांगितलं असतं. सगळ्या सह्या झाल्यात हे कुमार जाणून होता, तो तर सहीची थाप सुचवणारच नाही.

म्हणजे नाव गेलं, पण आतल्या माणसाच्या तोंडून नाही. कुठल्या तरी फटीतून फक्त 'कोण' तेवढं दिसलं.

कुमारवर आपण उगाच डोळा ठेवला, याची तिला लाज वाटली. पण लाजेला वेळ नव्हता. मुलगी मेली त्या रात्री आश्रयगृहात ड्यूटीवर दोघीच होत्या. खतीजा आणि चंद्रावती. सत्यजीत मोहोळकरला एवढं कळत होतंच की फुटली असेल तर दोघींपैकी एक. मग त्याने खतीजाच कशी निवडली?

चंद्रावती मुलींच्या खोल्यांवर देखरेख करणारी, कोन गावातलीच. नीता तिला देवळाच्या कट्ट्यावर भेटली. चंद्रावतीने इकडेतिकडे बघून पदर डोक्यावर ओढला.

"मला काय बी ठाव नाय, बाई. मी त्या रात्री झोपलेली."

"मी त्या रात्रीचं विचारतच नाही. सत्यजीत सर तुमच्याशी कसे वागतात ते सांगा."

चंद्रावती जरा सैलावली. "आदी लय त्रास दिला. मुलगी गेल्यापासनं रोज बोलवायचे. तू फुटलीस, तू कुनाकडं गेलीस. माझा पगार धरला, माझ्या पोराला धमकी दिली. खतीजाला काय नाय बोलायचे, ती शांत, शिकलेली. सगला डोला माझ्यावर."

"मग?"

"मग एक दिवशी येकदम गोड. संध्याकाली आले आनि बोलले, चंद्राबाई, तू आपली मानूस. चुकलो मी. पगार पन दिला." तिने कपाळाला हात लावला. "मला वाटला देवाने ऐकला. अधिकाचे उपास धरलेत ना मी, येक वेल जेवते."

"कुठल्या दिवशी आले?"

"खतीजा गेली त्याच्या आठवडाभर आदी. त्या दिवशी ते दुपारभर नव्हते. तुमच्या त्या बंगल्यावर बसलेले ना, चौकशीला? तिकडनंच आले."

साक्षीचा दिवस. सकाळपर्यंत त्याचा संशय चंद्रावतीवर होता आणि संध्याकाळी तो तिथून उठून खतीजावर जाऊन बसला. म्हणजे जे काय फुटलं ते त्याच दुपारी, त्याच बंगल्यात, सत्यजीतच्या डोळ्यांदेखत.

नीता उठली. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने सहज विचारलं, "चंद्राबाई, उपासाला पाणी चालतं ना तुम्हाला?"

"पान्याला काय झालं?" चंद्रावती पहिल्यांदाच हसली. "पानी नि चा पिऊनच तर दिवस काढतंय."

नीता मात्र हसली नाही. बंगल्यावर जायला हवं होतं, आणि काय ऐकायला मिळेल त्याचा तिला अंदाज येऊ लागला होता.

५

समितीची सुनावणी चाले तो गावाबाहेरचा जुना बंगला. पुढे लांब वरांडा, मध्ये मोठी खोली, मागे साक्षीदारांचं दार. स्वयंपाकघर वरांड्याच्या टोकाला वेगळं. स्वयंपाकघरातून खोलीत काही न्यायचं तर वरांडा ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. संस्थेच्या प्रतिनिधीला खोलीत यायची बंदी, पण वरांड्यात बसायचा हक्क होता. कायदा दोन्ही बाजूंना न्याय देतो ना, म्हणून.

बंगल्याची देखभाल दाजी करायचा. केस पांढरे, कान अजून तिखट. नीता आली तसा त्याने माठातून पेला भरला.

"टँकरचा पानी हाय, बाई, पन थंड हाय."

"दाजी, त्या दिवशी एक बाई आली होती. सत्यजीत सर बाहेर बसले होते. आठवतं?"

"आठवतंय की. लय ऊन होता. बाईचं तोंड नाय बगितला मी, तुमच्या हुकुमापरमानं पेला पडद्याजवल ठेवायचा नि मागं फिरायचा."

"पाणी नेलंस?"

"नेला ना. साहेब सोडतात काय? पन ती बाई नको बोलली. साहेब बोलले, उन्हातनं आलात, घ्या. दुसऱ्यांदा नेला. ती परत नको बोलली. पेला तसाच भरलेला परत आनला."

नीताने हातातला पेला खाली ठेवला. "मग त्या पाण्याचं काय केलंस?"

दाजी जरा ओशाळला. पाणी वाया घालवल्याबद्दल ती बोलणार असं त्याला वाटलं असावं. "फेकला नाय, बाई. टँकर तीन दिवसांनी येतो, फेकायचा म्हनजे जिवावर येतंय. वरांड्यात ते सर बसलेले, घामानं भिजलेले. त्यांना दिला. बोललो, घ्या, उष्टा नाय, कोनी तोंड लावला नाय."

"काय म्हणाले?"

"घटाघटा प्यायले. मग विचारला, दाजी, एवड्या उन्हात पानी कोन नको बोलतंय? मी बोललो, नसंल तहान. दोनदा दिला, दोनदा नाय बोलल्या. तवा ते हसले नि मला शाब्बास बोलले." त्याने नीताच्या तोंडाकडे बघितलं. "बाई, माझं काय चुकला काय?"

याला सांगितलं तर हा माणूस उरलेला जन्म पाणी पिणार नाही. आणि सांगायची परवानगी नव्हतीच.

"नाही, दाजी," ती म्हणाली. "पाणी वाचवलंस, बरं केलंस."

६

कमलाकर उपासनींनी दार उघडलं, नेहमीप्रमाणे आत वळून पाण्याचा तांब्या आणि पेला आणला.

"नको," नीता म्हणाली.

"अहो, आधी पाणी—"

"नको, साहेब."

ते थांबले. नीता इतकी वर्षं त्यांना ओळखत होती, पण तिने पाण्याला नको म्हटल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"एवढ्या उन्हात एखादा माणूस पाण्याला दोनदा नको म्हणतो, तेव्हा तुमच्या मनात काय येतं?" तिने विचारलं.

"बरं नसेल. नाहीतर उपास—" ते म्हणाले, आणि मग स्वतःच अडकले. "उपासाला पाणी चालतं."

"रोज्याला चालत नाही."

खोलीत पंखा फिरत होता. उपासनी हळूच खुर्चीवर बसले. तांब्या त्यांच्या हातातच राहिला.

नीताने सगळं सांगितलं. ड्यूटीवर दोघीच, चंद्रावती आणि खतीजा. दोघींचं पोट त्या महिन्यात रिकामं, पण पाणी सोडलेली एकच. भरलेला पेला वरांड्यातून दोनदा आत गेला आणि दोनदा भरलेलाच बाहेर आला. सत्यजीत मोहोळकरने तो पेला पाहिला, दाजीकडून खात्री करून घेतली आणि वर तेच पाणी पिऊन गेला. कोणी नाव घेतलं नाही. कोणी कोणाला विकलं नाही.

"मला तिचं नाव माहीत होतं," उपासनी म्हणाले. "खतीजा यासीन मुकादम. तिच्या नावाचं बंद पाकीट मीच फोडलं होतं. पण मी मनाला सवय लावली होती, नाव विसरायचं. झोपेतसुद्धा तोंडून निघू नये म्हणून. ती पडद्यामागे येऊन बसली तेव्हा माझ्यासाठी ती क्रमांक चार होती. क्रमांकाला कुठला रोजा, नीताबाई? मी म्हटलं, उन्हातून आलात, घ्या. दुसऱ्यांदासुद्धा म्हटलं. किती गुप्तता पाळली बघा मी."

ते रडले नाहीत. रडले असते तर नीताला बरं वाटलं असतं.

"मी राजीनामा देतो," ते म्हणाले. "लिहून देतो, ओळख माझ्यामुळे फुटली. पोलिसांना खुनाचा हेतू मिळेल. सत्यजीतला पकडता येईल."

"आणि दुसऱ्या दिवशी हायकोर्टात त्याचाच वकील तुमचा कागद फडकवेल. गुप्तता फुटली, चौकशी रद्द. खतीजाची जबानी कचऱ्यात. गच्चीवरून पडलेली ती पोर परत एकदा पाय घसरून मेलेली ठरेल." नीताचा आवाज चढला. "सिम सापडत नाही, ट्रेलर सापडत नाही. तुमच्या कागदावर खून सिद्ध होणारच नाही, फक्त चौकशी मरेल. तो याचीच वाट बघत बसलाय. तुम्ही उठलात की तो सुटला."

"मग मी काय करू?"

"बसून राहा. उद्या क्रमांक पाच आहे. त्याला पाणी द्या."

क्रूर बोलली ती, आणि बोलल्यावर तिला ते कळलंही. पण मागे घेण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बंद पाकिटातल्या अहवालात नीताने एकच ओळ लिहिली. समितीच्या कोणाही व्यक्तीने साक्षीदाराचे नाव उघड केल्याचे आढळून आले नाही. अक्षर न् अक्षर खरं. आयुष्यात तिने इतकं खरं आणि इतकं नीच काही लिहिलं नव्हतं.

७

खतीजाच्या चाळिसाव्या दिवशी यासीन मुकादमांनीच निरोप पाठवला. सरकारी मॅडमना म्हणावं, एकदा येऊन जा.

नीता गेली. घरात फातिहा, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, झाली होती. चारच माणसं आली होती आणि तीही उठून गेली होती. जेवणाचं मोठं पातेलं भरलेलं तसंच कोपऱ्यात होतं. यासीन आता काठी घेऊन चालत होते.

"मॅडम, मी बाजारात बसतो, माणसं ओळखतो," ते म्हणाले. "त्या दिवशी मी सहीचं विचारलं तेव्हा तुम्ही मान खाली घातलीत. तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे."

नीताने चष्मा काढून पुसला.

"अकरावीच्या ॲडमिशनचा आज शेवटचा दिवस. अमजद म्हणतो नको. मी त्याला म्हटलं, थांब, मला त्या मॅडमना विचारू दे. माझी खतीजा कसल्या सहीला गेली होती? चांगल्या कामाला गेली असेल तर तेवढंच सांगा. मी आज जुम्म्याच्या नमाजनंतर उभा राहून सगळ्यांना सांगेन. मग या पोरीला मी स्वतः कॉलेजात घेऊन जातो. तिच्या बापाचं ऐकणार नाही."

तिथेच सगळं अडलं. म्हातारा कानात सांगितलेलं कानात ठेवणारा असता, तर नीताने तुरुंगाची पर्वा केली नसती, एवढं तिचं तिला ठाऊक होतं. पण त्याला ते ऐकायचंच होतं चारचौघांत सांगण्यासाठी, लेकीचं नाव धुऊन काढण्यासाठी. दुपारी मशिदीत बोललं गेलं की संध्याकाळपर्यंत ते संस्थेच्या वकिलाच्या टेबलावर. मग ज्या साक्षीपायी खतीजा मेली तीच साक्ष पुसली जाणार.

माहनूर पाण्याचा पेला घेऊन आली. खांद्याला दप्तरासारखी एक पिशवी अडकवलेली, तिच्यातून मार्कशीटच्या प्लॅस्टिकचं टोक दिसत होतं. ती नीतासमोर उभी राहिली आणि तिच्याकडे बघत राहिली. विनवणी नव्हती त्या नजरेत. तिला फक्त तिचं म्हणणं कोणीतरी खरं ठरवून हवं होतं.

नीताने पेला घेतला आणि सगळा पिऊन टाकला. तेवढा वेळ तरी मिळाला.

"मी काही सांगू शकत नाही, यासीनभाई," ती म्हणाली.

"सांगू शकत नाही की सांगण्यासारखं नाही?"

नीताने तोंड उघडलं आणि मिटलं.

यासीनभाई तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांची मान सावकाश हलली. भरलेल्या पेल्यावरून सत्यजीत मोहोळकरला जे कळलं ते खरं होतं. नीताच्या मिटल्या ओठांवरून या बापाला जे कळलं ते धादांत खोटं होतं, आणि त्याला तसं सांगणारं कोणी नव्हतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही भल्या बाई आहात. बापासमोर लेकीचं वाईट बोलवलं नाही तुम्हाला."

"तसं नाही हो," नीता म्हणाली. "तसं नाहीये."

"मग कसं आहे?"

पुन्हा तेच.

यासीनभाई काठी टेकत उठले. टोपी घातली, आणि दारातून मागे न बघता नातीला म्हणाले, "पिशवी आत ठेव, माहनूर."

माहनूरने नीताच्या हातातला रिकामा पेला घेतला. खांद्यावरची पिशवी काढली, भिंतीच्या खुंटीला अडकवली, आणि पेला विसळायला मोरीकडे गेली.